रिले स्टेशनची खोली: आधी अँपिअर, मग विटा

मायक्रोवेव्ह रिले स्टेशनच्या, म्हणजे टॉवरवर आलेला संदेश पुढच्या टॉवरकडे धाडणाऱ्या ठाण्याच्या, खोलीचा नकाशा पुष्कळदा यंत्रांची यादी हाती येण्याआधीच मंजूर होतो. मग रॅकचं (यंत्रांच्या उभ्या कपाटाचं) मागचं दार उघडत नाही आणि बॅटरी कोपऱ्यात कोंबावी लागते. खोलीचं माप अँपिअरवरून काढायचं असतं.

समजा, सगळा लोड उणे ४८ व्होल्टवर ४० अँपिअर आहे आणि बॅकअप १० तासांचा हवाय. झाले ४०० अँपिअर-तास. बॅटरीची ८० टक्केच क्षमता वापरायची, म्हणून ५००. जुनी झाल्यावर तिची क्षमता ८० टक्क्यांवर येते, तेही धरलं की ६२५. म्हणजे २ व्होल्टचे २४ सेल, फ्लोट (बॅटरी भरलेली ठेवणारा सततचा दाब) ५४ व्होल्ट, आणि वजन टनाच्या आसपास. ते सगळं जेमतेम दोन-तीन चौरस मीटरवर येतं.

काळ्या रानात घात होतो तो इथेच. परभणी-नांदेडकडची ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसती फरशी टाकली की बॅटरीच्या स्टँडचा एक कोपरा खचतो, सेलच्या जोडपट्ट्यांवर ताण येतो, बोल्ट सैल होतात आणि सांधे तापतात. पाया मुरूम किंवा खडक लागेपर्यंत न्या. जोत्यातली काळी माती काढून मुरूम थराथराने, पाणी मारून धुम्मस करा. रॅक आणि स्टँड अँकर बोल्टने आवळाच. १९९३ चा किल्लारीचा भूकंप आपल्याच भागातला.

या लोडची उष्णता सव्वादोन किलोवॅटच्या घरात, त्यात स्लॅबचं ऊन. दीड टनाचे दोन एसी आळीपाळीने चालवा. इथे काटकसर नको: तापमान २५ अंशांच्या वर दर १० अंश चढलं की बॅटरीचं आयुष्य जवळजवळ निम्मं होतं.

वेव्हगाइड, म्हणजे अँटेनापासून रॅकपर्यंत लहरी आणणारी धातूची नळी, टॉवरकडच्या भिंतीतून आत घ्या, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. नाहीतर पावसाचं पाणी थेट रॅकवर येतं.

बालाघाटच्या माथ्यावर अडचण वेगळी. हात-दोन हातांवर कातळ, त्यामुळे अर्थिंगला जमिनीत पुरलेल्या एका इलेक्ट्रोडने भागत नाही. टॉवर आणि खोलीभोवती जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाच्या) पट्टीचं कडं करा, त्याचे फाटे माती असलेल्या उताराकडे न्या. टॉवर, खोली, जनरेटर सगळं त्याच कड्याला जोडा. अर्थिंग वेगवेगळी ठेवली, तर वीज पडल्यावर दोन्हींमधला व्होल्टेजचा फरक यंत्रांतून वाट काढतो. अर्थिंगचा रोध मोजायचा तो मे महिन्यात; ओल्या जमिनीवर आलेला आकडा फसवा असतो.