तुम्ही विचारलंत म्हणून: एवढा वेळ कुठून मिळतो?

सोसायटीच्या लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, वाशी लोकलमध्ये, प्रश्न एकच. माझ्या मांडीवर गोधडीचे तुकडे असतात, नाहीतर ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातलं पुस्तक. "एवढा वेळ कुठून मिळतो हो तुम्हाला?" त्यात मी ऑपेरा, म्हणजे युरोपातलं गाऊन सादर होणारं नाटक, ऐकते, एनसीपीए या मुंबईतल्या कलाकेंद्रात न्यूयॉर्कचे प्रयोग पडद्यावर दाखवतात ते बघायला नरिमन पॉइंटपर्यंत जाते, हे कळलं की संपलंच. आजवर 'मिळतो कसातरी' म्हणून वेळ मारून नेली. आता नीट सांगते.

वेळ मिळत नाही. ठाणे ते वाशी अर्धा तास, बसायला जागा मिळाली तर चार तुकडे जोडून होतात. घरी पोचल्यावर काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. पण जो काही वेळ हाती लागतो तो मला सावकाश चालणाऱ्या गोष्टींवरच घालवायचा असतो. सिनेमा दीडपट वेगाने बघणं मला पटत नाही. 'पथेर पांचाली'त दुर्गा बसलेल्या म्हातारीला हलवते आणि ती कलंडते. त्याआधीचे क्षण पळवले तर बघितलं काय? पुस्तकाचा दहा मिनिटांत सारांश ऐकणाऱ्यांबद्दलही माझं हेच मत आहे. आणि ऑपेराला लोक हसतात ते नेमकं यासाठीच, की मरायला टेकलेली बाई इतका वेळ गाते कशी? अहो, संगीत नाटकात वन्समोअर घेत रात्र रात्र जागवणाऱ्यांचे आपण नातू-पणतू. आपण तरी हे विचारू नये.

पण हा प्रश्न मला लागतो, त्याचं कारण वेगळं आहे.

सासूबाईंना अर्धांगवायू झाला तेव्हा रात्रपाळी माझी होती. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. मधल्या वेळात मी त्यांच्याच जुन्या लुगड्यांची गोधडी शिवत बसायचे. विटकरी लुगड्याचा काठ उसवून ठेवला होता, कडेने धावदोरा घालत आत यायचं चाललं होतं. एका कानात इअरफोन, दुसरा कान त्यांच्या श्वासाकडे. एका रात्री नणंदबाई पुण्याहून आल्या. दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "बरं आहे बाई तुझं. आई अशी पडलीये आणि तुला बरा वेळ मिळतो!" खोलीत आणखी दोघंतिघं होते. कुणी काही बोललं नाही. नवराही नाही. मी सुई कापडात टोचली, गोधडी गुंडाळली आणि दिवाणात टाकली.

पुढच्या रात्री मी रिकाम्या हातांनी बसले. रिकाम्या हातांनी बसलेली सून जास्त सेवा करते असं ज्यांना वाटतं त्यांनी एक रात्र तसं बसून बघावं. हातात सुई असली की मी जागी असायचे, नसली की पेंगायचे. हे मी तेव्हा सांगायला हवं होतं.

आणि हेही सांगते, की सुई काही फक्त जागं राहायला नव्हती. मला त्या खोलीत राहवत नव्हतं. औषधांचा वास, त्यांचं ते एका बाजूला ओघळलेलं तोंड, बोलायला जाऊन निघणारा नुसता आवाज. त्या दिवसांत मी इटालियन संगीतकार वर्दीचा 'ला ट्राव्हियाता' हा ऑपेरा पुन्हा पुन्हा ऐकत होते. 1853 साली व्हेनिसला पहिला प्रयोग झाला तेव्हा पडला होता तो. शेवटच्या अंकात क्षयाने खंगलेली व्हिओलेटा अंथरुणात पत्र वाचते. ती तेवढं गात नाही, बोलते. मागे व्हायोलिनवर पूर्वीच्या प्रेमाची धून वाजत असते. ते ऐकताना मी त्या खोलीत नसायचे, आणि मला नसायचंच होतं. तरीही आजारी माणसापाशी इतका वेळ थांबणारं दुसरं काही मला तेव्हा माहीत नव्हतं. मरायला वेळ लागतो. घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असलं की हे कळतं.

म्हणजे नणंदबाईंचं खरं होतं का? तेव्हाची मी म्हणते, एका कानाने तर मी तिथेच होते ना. आताच्या मला तेवढं पुरत नाही. मग मी पुन्हा तिची बाजू घेते, कारण पाठीला एकही जखम झाली नाही, हे डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. हे भांडण माझ्यात अजून चालू आहे.

आई गेल्यावर वर्षभराने गोधडी बाहेर काढली, पुरी केली. माझे टाके सारखे नाहीत, रात्रीचे कुठले ते ओळखू येतात. परवा नणंदबाईंनी फोनवर विचारलं, आईच्या लुगड्यांची ती गोधडी नातीसाठी देशील का? मी अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.