नाही म्हणायचं काम माझ्याकडेच

आज कोनाड्यात एक फणी सापडली. स्टीलच्या दातांची, नवीकोरी. वरच्या कागदावर पोरीनं पेनानं 'बुलबुल' लिहिलेलं. नाव ठरलं, फणी आली, आणि कुत्री अजून नागपूरला दादाकडे आईच्या अंगावर पिते आहे. शिह त्झू. फोटोत नुसता लोकरीचा गुंडा.

ह्यांना विचारलं तर म्हणे, "मी सांगतलं तिले, मायले इचार." झालं! सहल असो, मोबाइल असो, नाही म्हणायचं काम दर वेळी माझ्याच वाट्याला का?

आणि नाही म्हणण्यासारखं आहेच. ही चपट्या नाकाची जात. कुत्र्याला घाम जवळपास येतच नाही, धापा टाकूनच ते अंग थंड करतं. नाक आखूड असलं की तेही धड जमत नाही. मे महिन्यात इकडे पारा ४५ च्या पुढे, त्यात दुपारी लाइन गेली की कूलर बंद. आमचा कुत्रा वाघ्या रांजणाखालची ओली माती उकरून पडतो. तिनं काय करायचं?

मग ते केस. वाढतच राहतात, रोज मुळापासून विंचरावे लागतात. वरवर फणी फिरवली तर आत कातडीलगत जटा होतात, ओल धरते, फोड येतात. अंगणात गोखरू, बांधावर कुसळं. गोठ्यातले गोचीड तर वाघ्याच्या आखूड केसांतूनही वेचावे लागतात, कानामागून, पंजाच्या बेचक्यातून. गोचिडाच्या तापानं कुत्रं दगावतं. जेवताना पोरगी लाडानं घास भरवणार, आणि आमच्या भाजीत कांदा-लसूण असतोच. कुत्र्याला ते विष. तालुक्याच्या दवाखान्यात रांग ढोरांची नि शेळ्यांची.

हे सगळं पोरीला सांगता येतं. सांगता येत नाही ते निराळंच. ही कुत्री दहा-पंधरा वर्षं जगतात. पोरगी नववीत आहे. पुढं अमरावती, नाहीतर पुणं. मग फणी कोणाच्या हातात? कापूस वेचून यायचं, भाकरी टाकायच्या, आणि रात्री मांडीवर कुत्री घेऊन जटा सोडवायच्या. माझ्या स्वतःच्या केसांना दोन दिवस तेल मिळत नाही. सासूबाईंच्या आजारपणातही असंच... जाऊ दे.

संध्याकाळी साबणाच्या पाण्याची वाटी घेऊन वाघ्याचे गोचीड काढत बसले. ह्यालाही ह्यांनीच आणलं होतं, पोत्यात घालून, मला न विचारता. आता माझ्या हातची भाकर नसली तर तोंड लावत नाही. घरात येणारं सगळं माझ्याच पदरात पडतं, आणि पदरात पडलेलं मी टाकत नाही. घरच्यांना हे माझ्याआधी कळलंय. पोरगी शेजारी येऊन बसली, न सांगता वाघ्याचा कान उलटा धरला. घाण वाटली नाही तिला. हे मी बघून ठेवलं.

रात्री दादाला फोन लावला. म्हटलं, गुढीपाडव्याला आणू नको. पहिला उन्हाळा तुझ्याकडे एसीत काढू दे, पाऊस सरल्यावर बघू. सगळ्या लसी झालेल्या हव्यात, रेबीजचीही. केस आखूड कापून आण, पण पार भादरू नको, उन्हानं कातडी भाजते. दादा म्हणाला, "म्हणजे हो समजू ना?"

मी म्हटलं, आधी लसींच्या कार्डाचा फोटो पाठव.