काट्याला काय कळतं

कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या वऱ्हाडात संध्याकाळी धुऱ्यावरच्या बाभळीला ताणकाटा लटकतो आणि बायांच्या दिवसभराच्या कष्टाचा तिथं निकाल लागतो. वेचणीची मजुरी किलोवर. त्यामुळे काट्याच्या सुईकडे जितक्या भक्तीनं पाहिलं जातं, तितक्या भक्तीनं आमच्या चर्चमध्ये पाळकांकडेही कोणी पाहत नाही.

पहिल्या वेच्याला पऱ्हाटी पांढरीफक्क असते, हात भराभर चालतात. फरदडीला, म्हणजे हंगाम सरतानाच्या उरल्यासुरल्या वेच्याला, मात्र तेच वाकणं, सुकलेल्या बोंडांचं तेच टोचणं आणि ओटीत कापूस निम्मा. मालक तेव्हा भाव थोडा वाढवतात, नाही असं नाही. पण काटा कापूस मोजतो, कंबर मोजत नाही. दहिवरातला कापूस वजनाला बरा भरतो, म्हणून बायांना भल्या सकाळी शेतात उतरायचं असतं आणि मालकाला ऊन तापल्यावर. हे भांडण येशूच्या दुसऱ्या येण्यापर्यंत चालेल.

ख्रिस्ती माणूस आणि कष्ट म्हटलं की बायबलातल्या प्रेषित पौलाचं वाक्य ठरलेलं: ज्याला काम करायचं नाही त्यानं खाऊही नये. पौलाला तो अधिकार होता. करिंथात तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवून पोट भरत होता. पण ते वाक्य काम सोडून दुसऱ्यांच्या भानगडीत फिरणाऱ्यांसाठी आहे. असे नग आमच्या पारावरही बसतात. काम मिळालंच नाही, त्यांचं काय?

ते मत्तयाच्या शुभवर्तमानात, 20व्या अध्यायातल्या येशूच्या दाखल्यात, म्हणजे बोधकथेत भेटतात. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे मजूर आणतो, मग नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी पाचला. पाचवाले म्हणतात, आम्हाला कोणी कामावर लावलंच नाही. संध्याकाळी शेवटी आलेल्यांपासून सुरुवात करून सगळ्यांना सारखाच एक दिनार, म्हणजे त्या काळची दिवसाची मजुरी. दिवसभर उन्हात राबलेले चिडतात.

आमच्या चौकात सकाळी मजुरांची गाडी लागते, तेव्हा मला हे पाचवाले दिसतात. चपळ हाताच्या पोरी आधी चढतात. गुडघे गेलेली बाई, काखेत तान्हं असलेली बाई खालीच राहते. तिला आळशी म्हणायची कोणाची छाती आहे? आणि रात्री तिच्या घरीही तेवढंच पीठ लागतं. मला वाटतं, मळ्याच्या मालकानं दिनार देताना ते पीठ मोजलं, घाम नाही. म्हणून घामाची किंमत कमी होत नाही. एदेन बागेत देवानं आदामाला ठेवलं तेच मशागत आणि राखण करायला. काटेकुसळं आणि निढळाचा घाम नंतर, देवाच्या शापाबरोबर आले. काम शापाच्या आधीचं आहे. फक्त त्याचा भाव ठरवायला ताणकाटा पुरत नाही, एवढंच.

हे सगळं मी मावशीला सांगून पाहिलं. तिची हयात वेचणीत गेली. तिनं दाखला पुन्हा वाचायला लावला, कान देऊन ऐकला आणि म्हणाली, "मालक चांगला होता, पन त्याले हिशेब जमला नाही. पयले आलेल्यायले आंधी पैसे देऊन घरी धाडाले पायजे होतं. थे गेल्यावर बाकीच्यायले देल्ले असते, त भांडनच झालं नसतं."

तिचा मुद्दा मी पाळकांकडे पोचवला आहे. ते अजून विचार करताहेत.