तेंदूच्या हंगामात भरलेला बांबूचा वर्ग

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या बायकांच्या बांबूकाम गटाच्या शेडमध्ये बांबूकामाचं तीस दिवसांचं प्रशिक्षण लागलं. वीस जणींची नावं मंजूर होती. प्रशिक्षक आले, हजेरीचं बोटाचं यंत्र आलं, खुर्च्या आल्या. पहिल्या दिवशी तीन जणी आल्या. दुपारी मी घरोघर फिरले, तर सगळीकडे कुलपं. संध्याकाळी तेंदूच्या फळीवर, म्हणजे पानं मोजून घेतात त्या जागी, आमच्या गटातल्या एक आजी भेटल्या. माझ्याकडे न बघता पुडके मांडत म्हणाल्या, "पत्ता सोडून कोण येते, ताई?"

गडचिरोलीतल्या आमच्या धानोरा तालुक्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. तेंदूपत्त्याचा हंगाम जेमतेम पंधरा दिवसांचा असतो. उजाडायच्या आत जंगलात जायचं, दुपारी सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडके बांधायचे, संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचे. अशा हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी होते. धानाचं बियाणं, मुलांच्या वह्या, लग्नाची उधारी, सगळं या पंधरा दिवसांतून निघतं. प्रशिक्षणाचा रोजचा भत्ता त्याच्या जवळपासही नव्हता.

मग मे महिनाच का निवडला? कारण निधी मार्चअखेर मंजूर झाला आणि ठरल्या मुदतीत खर्च दाखवायचा होता. गेली सहा वर्षं या गटाचे प्रस्ताव मीच लिहिते, आणि दरवर्षी हेच बघते. कागदावरचं वर्ष एप्रिलला सुरू होतं. आमच्या बायकांचं वर्ष वेगळं: जुलैत रोवणी, नोव्हेंबर-डिसेंबरात धानाची कापणी आणि मळणी, मार्च-एप्रिलात मोहफुलं, मेमध्ये पत्ता. मोकळे म्हणावे असे दोनच महिने, जानेवारी आणि फेब्रुवारी. बांबू तोडायलाही हेच दिवस चांगले.

बांबूचं शिक्षण खरं तर तोडीपासूनच सुरू होतं. आमच्याकडचा बांबू म्हणजे मुख्यतः मानवेल. पावसाळ्यात रांजीतून, म्हणजे बांबूच्या बेटातून, नवे वास्ते (कोंब) फुटतात, तेव्हा कोयता लावायचाच नाही. एक वर्षाचा कोवळा बांबू राखायचा, कारण पुढच्या कोंबांना अन्न तोच पुरवतो. पक्व झालेला तेवढाच काढायचा, तोही जमिनीलगतच्या गाठीच्या जरा वर, म्हणजे खुंटात पाणी साचून तो कुजत नाही. रांजीच्या बाहेरचे सोपे बांबू ओरबाडून घेतले आणि आतले वाळू दिले, की काही वर्षांत रांजी गुदमरते. काठीत पिठूळ अंश जास्त असला की घुण, म्हणजे बांबू पोखरून भुकटी करणारा किडा, लागतो, म्हणून तोडीची वेळ सांभाळायची आणि नंतर बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या द्रावणात बांबू मुरवायचा. यातलं काहीही त्या मे महिन्यातल्या अभ्यासक्रमात नव्हतं. होते ते ट्रे आणि दिव्यांच्या झाकण्या. झाकणी सुंदर होते, मी स्वतः एक घरी लावली आहे. पण चार महिन्यांत तिच्यातून पिवळी भुकटी गळायला लागली.

यंत्राचीही अशीच एक गोष्ट आहे. 2019 मध्ये अगरबत्तीच्या आयातीवर निर्बंध आले आणि 2020 मध्ये बांबूच्या काड्यांवरचं आयात शुल्क 10 टक्क्यांवरून 25 टक्क्यांवर गेलं. काडी बनवणाऱ्या यंत्रांची तेव्हा लाट आली आणि एका योजनेतून आम्हालाही एक संच मिळाला. मानवेल जवळजवळ भरीव असते आणि तिची पेरं आखूड असतात. अगरबत्तीच्या काडीला लागतो तो लांब पेराचा, सरळ धाग्याचा बांबू, जो ईशान्येकडे होतो. आमच्या मानवेलीच्या गाठी काढता काढता निम्मा माल वाया जायचा. तो संच आज ताडपत्रीखाली आहे. मानवेलीला हवा होता बांबू मुरवायचा हौद आणि फर्निचरच्या जोडकामाची हत्यारं. यंत्र पाठवण्याआधी कुणी आमच्या रांजीतला एक बांबू उभा चिरून पाहिला असता तर हे कळलं असतं. हे लिहिताना आजही मला वाईट वाटतं, कारण तो पैसा सार्वजनिक होता आणि खरंच आमच्यासाठीच आला होता.

मी अनुदानाच्या विरोधात नाही, उलट त्याशिवाय आमची शेडच उभी राहिली नसती. राष्ट्रीय बांबू मिशनमुळे शेतकऱ्यांना रोपामागे तीन वर्षांत मदत मिळाली, पहिल्या वर्षी निम्मी, पुढे 30 आणि 20 टक्के. हा हप्ता मला आवडतो, कारण रोप जगलं तरच पुढचा पैसा मिळतो. उद्योगाचं अनुदान मात्र बहुतेक ठिकाणी बँकेच्या कर्जाला जोडलेलं असतं आणि ते मागाहून जमा होतं. ज्यांच्या नावावर तारण ठेवण्याजोगं काही नाही, त्या बायकांनी आधी कर्ज कसं काढायचं? शिवाय यंत्राला निम्मे पैसे मिळतात, पण बांबू विकत घेऊन माल विकेपर्यंतच्या तीन महिन्यांच्या खेळत्या भांडवलाला कुणी हात लावत नाही. आमची दोन मोठी कामं त्या तीन महिन्यांपायी हातची गेली.

आमच्या तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाचं उदाहरण सगळे देतात, आणि द्यायलाच हवं. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये त्यांना सुमारे 1,800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक पासचं, म्हणजे तो जंगलाबाहेर न्यायच्या परवान्याचं, पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. माझ्या दृष्टीने त्यातली मोठी गोष्ट क्रमाची आहे. आधी हक्क, मग स्वतः केलेल्या तोडीचे आणि विक्रीचे पैसे, मग काय शिकायचं आणि काय विकत घ्यायचं याचा निर्णय सभेत बसून. आमच्याकडे हा क्रम उलटा झाला.

या वर्षीचा प्रस्ताव मी त्या क्रमाने लिहिला. आठ दिवस जंगलात, जानेवारीत, प्रत्यक्ष तोडीवर. पंधरा दिवस शेडमध्ये, मुरवणं आणि जोडकाम. उरलेले दिवस नागपूरच्या दुकानदारांकडे जाऊन माल दाखवणं, भाव बोलणं, बिल फाडणं. भत्त्यापुढे "बुडालेली मजुरी" असंच लिहिलं आणि ग्रामसभेचा ठराव जोडला.

अडलं ते प्रशिक्षकाच्या रकान्यात. तिथे प्रमाणपत्राचा क्रमांक मागतात. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबूचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे शिकलेली आमची एक मुलगी आहे, तिचं नाव लगेच भरलं. पण कोणता बांबू तोडायचा हे नुसता हात लावून सांगतात त्या फळीवरच्या आजी, आणि त्यांच्याकडे चौथी पास झाल्याचाही दाखला नाही. आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय कौशल्य विकासाच्या योजनांमध्ये आहे. त्यासाठी मी आजींचं आधार कार्ड घेऊन दोनदा जिल्ह्याला जाऊन आले. तिसऱ्यांदा पुढच्या सोमवारी जायचं आहे, आजींना घेऊन. त्यांनी विचारलंय, परीक्षेला कोयता आपला न्यायचा की तिथलाच मिळेल.