आमची वाटचाल : दोरीतला झोळ

सुरुवातीची दोन वर्षं मी आणि माझा धाकटा भाऊ लोकांची कुत्री फक्त फिरवून आणायचो. कुणाला कामामुळे सकाळी सवड नाही, कुणाला वयामुळे झेपत नाही. अशांच्या घरी जायचं, पट्टा अडकवायचा, अर्धा-पाऊण तास फिरवायचं आणि पाय पुसून कुत्रा घरी सोडायचा. तिसऱ्याच महिन्यात माझा उजवा खांदा धरला. भावाच्या तळहातांवर नायलॉनच्या दोरीचे वळ उठलेले असायचे. कुत्रा म्हटला की ओढणारच, असं आम्ही धरूनच चाललो होतो.

या समजाला धक्का बसला तो एका आजींमुळे. त्यांचा लॅब्रॅडॉर, मोती, तेव्हा दीड वर्षाचा होता. समोर मांजर दिसलं आणि त्याने झेप घेतली. दोरी मनगटाला गुंडाळलेली, त्यामुळे ती सुटली नाही. आजी तीन पायऱ्या खाली आपटल्या आणि मनगट मोडलं. घरच्यांनी मोतीला गॅलरीत बांधलं. आम्ही न्यायला जायचो तेवढाच त्याचा बाहेरच्या जगाशी संबंध उरला. आठवड्याभरात तो पूर्वीच्या दुप्पट ओढायला लागला. ओढतो म्हणून घरचे बाहेर नेत नाहीत, बाहेर नेत नाहीत म्हणून अंगात साचलेला जोर दोरीवर निघतो, आणि तो जोर बघून घरचे आणखी घाबरतात. हे चक्र एकदा लक्षात आल्यावर मला ते घरोघरी दिसू लागलं. नुसतं फिरवून आणून ते सुटणार नव्हतं.

शिकवायचं कसं, हे आम्ही एका जुन्या प्रशिक्षकाकडे शिकलो. त्यांची पद्धत चोक चेनची, म्हणजे ओढली की गळ्याभोवती आवळणाऱ्या साखळीची होती. कुत्रा पुढे गेला की साखळीला हिसका द्यायचा. परिणाम दिसायचा, हे मी नाकारत नाही. कुत्रा पायाशी चालायचा आणि ग्राहक खूश व्हायचे. मग एक दिवस एका पॉमेरेनियनला चालता चालता कर्कश ठसका लागला आणि तो थांबेचना. पशुवैद्यांनी तपासून मला श्वासनलिकेचं चित्र काढून दाखवलं. तिच्या कूर्चेच्या कड्या पूर्ण गोल नसतात, एका बाजूने उघड्या असतात. लहान जातींमध्ये त्या मऊ पडून नळी चपटी होण्याचा आजार जास्त आढळतो आणि गळ्यावर दाब आला की ठसका बळावतो. ताणलेल्या गळपट्ट्याने डोळ्यांतला दाबही वाढतो, हे मोजून पाहिलं गेलं आहे. त्या संध्याकाळी आम्ही सगळ्या साखळ्या टाकून दिल्या. छातीवरून जाणारा हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी अंगाभोवती बसणारा पट्टा, घातल्यावर त्या पिल्लाचा ठसका कमी झाला. पण ते हिसके मी माझ्या हाताने दिले होते. आजही नव्याने कामाला येणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट पहिल्या दिवशी सांगते.

साखळी गेल्यावर हातात काहीच उरलं नाही, म्हणून वाचायला सुरुवात केली. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने पेटीत कोंडलेल्या मांजरांवर केलेले प्रयोग १८९८ साली मांडले. ज्या हालचालीने दार उघडतं, ती हालचाल मांजर पुढच्या वेळी लवकर करतं. वाचता वाचता मला आमची रोजची फेरी आठवली. खांबाचा वास येतो, कुत्रा ओढतो, आपण दोन पावलं त्याच्यामागे जातो, खांब मिळतो. म्हणजे दार आपणच उघडत होतो, रोज सकाळ-संध्याकाळ. शिवाय कुत्र्याची सहज दुडकी चाल आपल्या चालण्यापेक्षा वेगाची असते. आपल्या पावलाने चालणं ही त्याच्यासाठी शिकण्याची गोष्ट आहे. उपजत येणारी नव्हे. त्यामुळे ओढणाऱ्या कुत्र्याला हट्टी म्हटलेलं मला आवडत नाही.

आमची आजची पद्धत यातूनच घडली. दोरी दीड ते दोन मीटरची, साधी. खटक्यावर लांब-आखूड होणारी दोरी शिकवताना अजिबात नको, कारण तिच्यात ताण कायम असतो आणि ओढलं की आणखी दोरी मिळते. हार्नेसची कडी छातीवर असलेली बरी. तिच्यामुळे ओढणारा कुत्रा बाजूला वळतो. पाठीवरच्या कडीचा हार्नेस गळ्याला सुरक्षित आहे, पण जोर लावायला सोयीचा. बर्फावर गाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांना हार्नेसच घालतात, आणि तो ओढण्यासाठीच असतो.

धडा घरातच सुरू होतो, जिथे वास ओळखीचे आहेत. दोरीत झोळ आहे तोवर चालायचं. झोळ गेला, दोरी सरळ झाली, की झाडासारखं उभं राहायचं. हिसका नाही, ओरडणं नाही, मागे खेचणंही नाही; आपण मागे खेचलं की कुत्रा अंगाने पुढे रेटतो. तो वळून बघेल, अर्धं पाऊल मागे येईल, दोरी सैल पडेल. त्याच क्षणी शाबासकी द्यायची आणि पुढे निघायचं. झोळ ठेवून चार पावलं आला की वाटाण्याएवढा खाऊ आपल्या मांडीच्या शिवणीपाशी द्यायचा. हात पुढे करून दिला तर कुत्रा पुढे चालायला शिकतो, मांडीपाशी दिला तर मांडीपाशी. खाऊला उशीरही चालत नाही. एक-दोन सेकंद उलटले तर बक्षीस भलत्याच गोष्टीला जातं. आणि हुंगणं हेही बक्षीसच आहे. झोळ ठेवून खांबापर्यंत आला की "जा" म्हणायचं आणि त्याला पोटभर हुंगू द्यायचं. पाच मिनिटांचा धडा पुरतो. घरातून जिन्यात, जिन्यातून निवांत रस्त्यावर, वर्दळीत सगळ्यात शेवटी.

मधेच एक असा टप्पा येतो की ओढणं कमी होण्याऐवजी वाढतं. आजवर चालत आलेली युक्ती चालेना, म्हणून कुत्रा जास्त जोर लावून पाहतो. याच दिवसांत ग्राहकांचे सगळ्यात जास्त फोन येतात: "ताई, हा तर बिघडला!" तेव्हा आम्ही एवढंच सांगतो की अजून चार दिवस उभे राहा.

व्यवसाय म्हणून आमची मोठी चूक याच्यानंतर झाली. आम्ही कुत्री तीन आठवडे आमच्याकडे ठेवून शिकवायला लागलो. मागणी खूप होती, जागा घेतली, गाडी घेतली. कुत्रा आमच्याबरोबर अगदी झोळ ठेवून चालायचा, पण घरी परतला की आठ दिवसांत पुन्हा ओढायचा. ग्राहकांना आपण फसवले गेलो असं वाटे, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. कुत्रा शिकला होता. पण माझ्या हातातली दोरी आणि त्यांच्या हातातली दोरी या त्याच्यासाठी दोन वेगळ्या गोष्टी होत्या. आम्ही पैसे परत केले आणि जागा सोडली. ते वर्ष फार अवघड गेलं. भावाने दुसरीकडे अर्धवेळ नोकरी धरली.

तेव्हापासूनचा नियम असा की दोरी जो धरणार, शिकवणी त्याचीच. पहिल्या तासाला कुत्रा नसतोच. दोरीचं एक टोक मी धरते, दुसरं घरच्यांनी धरायचं, आणि मी ओढल्यावर हात कसा घट्ट होतो ते त्यांनी स्वतः अनुभवायचं. घरातले सगळे हजर हवेत, शाळकरी मुलंसुद्धा. वडील थांबतात आणि मुलगा मागे धावतो, अशा घरात ओढण्याचं फळ कधी मिळतं, कधी नाही. असं अधूनमधून मिळणारं फळ सवय सगळ्यात चिवट करतं, हे बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरं आणि उंदरांवर दाखवून ठेवलं आहे. एक जरी माणूस यायला तयार नसेल तर आम्ही काम घेत नाही. यामुळे काही ग्राहक गेले. जे राहिले त्यांनी शेजारीपाजारी सांगितलं आणि काम पुन्हा उभं राहिलं. आज आम्ही सहा जण आहोत. भाऊ नोकरी सोडून परत आलाय. नवीन माणूस निवडताना आम्ही बघतो ते एवढंच, की त्याला रस्त्यात पाच मिनिटं काही न बोलता उभं राहता येतं का.

मोतीच्या आजी नव्या पद्धतीच्या पहिल्या विद्यार्थिनी. मनगट पूर्ण वळत नसल्यामुळे त्यांनी दोरी डाव्या हातात घ्यायची ठरवली, आणि मोतीला डावी बाजू शिकवली. त्याच पायऱ्यांवर सराव करायला मला भीती वाटत होती. हट्ट त्यांचा होता. एक पायरी, थांबणं, खाऊ, पुढची पायरी. पंधरा दिवस आम्ही फक्त जिना उतरत होतो. मोती आता म्हाताऱ्यांत जमा आहे. परवा गेले तेव्हा दोघं खाली निघालेच होते. तो पहिल्या पायरीवर थांबला, वळून आजींकडे बघितलं, आणि त्यांचं पाऊल टेकल्यावर दुसरी पायरी उतरला.