तिसऱ्या रंगाला घोळ झालाच

आज जपानी पद्धतीने लाकडी ठशांची छपाई, तीन रंगांना तीन ठसे. पहिले दोन रंग बिनबोभाट बसले, तिसरा मिलिमीटरभर सरकला. दोष ठशावरच्या, कागद नेमका बसवायच्या खाचांचा नव्हता, कागदाचा होता. कोझोचा (जपानी तुतीच्या सालीचा) कागद आदल्या रात्री ओलसर कागदांच्या थरांत दाबून ठेवायचा आणि शेवटच्या रंगापर्यंत ती ओल सारखी राखायची. मधे चहाला उठलात, गठ्ठा उघडा राहिला, की कडा सुकून आखडतात. मग कोपऱ्यातली काटकोनी खाच नि बाजूची सरळ खाच कितीही नेमकी कोरलेली असो, उपयोग शून्य.

रंगाचंही तसंच. ठशावर आधी जलरंग, मग चण्याएवढी तांदळाची खळ. ब्रश गोलगोल फिरवून दोन्ही एकजीव करायचं. खळ कमी पडली किंवा बारेनचा, म्हणजे कागद मागून घासायच्या चकतीचा, दाब हलका झाला तर पांढरे बारीक ठिपके उमटतात. जपानीत त्यांना ‘गोमा’ म्हणतात, म्हणजे चक्क तीळ! खळ जास्त झाली की रंग कडांना साचतो.

उकियो-एमध्ये, म्हणजे जुन्या जपानी ठसाचित्रांत, ही कामं वाटलेली असत: चित्रकार, कोरणारा, छापणारा, वर प्रकाशक. यामामोतो कानाए यांनी १९०४ मध्ये ‘कोळी’ (मासेमार) हे चित्र स्वतःच काढलं, कोरलं, छापलं. सगळं काम चित्रकारानेच करायच्या ‘सोसाकु हांगा’ चळवळीची सुरुवात तिथूनच मानतात. चूक ढकलायला दुसरं कोणी उरलं नाही, हा त्यातला तोटा. याच चळवळीतल्या ओन्ची कोशिरो यांनी तर पुढे दोरा, झाडाची पानं असलं काहीही ठसा म्हणून वापरलं.

आजच्या सहा प्रतींपैकी दोन बऱ्या.