बंदीचे दोन महिने आणि तीनपत्तीचा डाव: माझा अनुभव

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. वसईच्या पाचूबंदरात काय किंवा उत्तनला काय, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, हात रिकामे, आणि दुपार कलली की कुठल्यातरी ओट्यावर तीनपत्तीचा डाव बसतोच. माझी ही सवय सुटली ती डाव बसण्याच्या आधीच्या तासावर पहारा ठेवल्यामुळे. पत्ते हातात आल्यावर फारसं काही करता येत नाही.

कन्फेशनला, म्हणजे चर्चच्या फादरसमोर पापांची कबुली द्यायला, जायच्या आधी पाप नेमकं कोणतं ते ठरवा. पत्ते खेळणं मुळात पाप नाही. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथातला 2413वा परिच्छेद सांगतो की स्वतःच्या किंवा घरच्यांच्या गरजेचा पैसा जुगारात जाऊ लागला की ते चूक. खेळात फसवणूक केली तर ते गंभीर पाप, नुकसान अगदीच किरकोळ असेल तर गोष्ट वेगळी. बंदीत कमाई नसते. मग पणाला लागतो तो डिझेलचा, जाळ्याचा नाहीतर पोरांच्या फीचा पैसा. म्हणून कन्फेशनला 'वाईट सवयी आहेत, फादर' एवढ्यावर भागवू नका. कोणतं पाप आणि साधारण किती वेळा, दोन्ही सांगायचं. शक्यतो दर वेळी एकाच फादरकडे जा, म्हणजे मागचं पुढचं त्यांना कळतं. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यातल्या रांगेत निवांत बोलता येत नाही. वेगळी वेळ मागून घ्या.

पुन्हा त्याच पापात पडण्याची भीती असताना 'पुन्हा करणार नाही' कसं म्हणायचं, इथं पुष्कळ जण अडतात. मागितला जातो तो आजचा खरा निश्चय. उद्याचं भाकीत कुणी मागत नाही. मात्र पापाचं निमित्त टाळणं त्या निश्चयातच येतं. 'नुसता बघायला बसेन' असं मनात ठेवून कन्फेशनला गेलात, तर निश्चय कच्चा आहे.

खरी कामाची निघाली ती संत इग्नाती लोयोला यांची जुनी रीत. त्यांच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकाला 1548 साली पोपची मान्यता मिळाली. त्यात एकाच दोषाची रोजची तपासणी दिली आहे. सकाळी उठताच त्या दोषाचं नाव घेऊन निश्चय. दुपारच्या जेवणानंतर पहिली तपासणी, रात्रीच्या जेवणानंतर दुसरी. कागदावर आठवड्याच्या सात दिवसांसाठी दोन-दोन रेघा. वरच्या रेघेवर दुपारपर्यंतच्या पडझडीचे ठिपके, खालच्या रेघेवर रात्रीपर्यंतचे. मग दोन रेघांची, दोन दिवसांची, दोन आठवड्यांची तुलना करायची. पडल्या क्षणी छातीवर हात ठेवून पश्चात्ताप करायचा. चारचौघांतही ते कुणाच्या लक्षात येत नाही. मी त्यात एक बदल केला: ओट्याकडे वळलेल्या पावलालाही ठिपका. नुसते डाव मोजले तर कागद फार उशिरा बोलतो. पापाचं नाव मात्र कागदावर लिहू नका, घरात दहा जण वाचतात.

पडल्यावर दोन विचार हमखास येतात. 'आज मोडलंच आहे, आता रविवारनंतर बघू' हा पहिला, 'गेलेले तेवढे परत मिळवतो' हा दुसरा. दुसरा जास्त महागात पडतो. त्यावर उपाय एकच, तिथून उठणं आणि रात्रीची तपासणी न चुकवणं.

पैशाची वाट बंद करणं सोपं आहे. मासळी विकून रोकड सांभाळते ती घरची बाईच, तिच्याकडेच राहू द्या. बँकेच्या ॲपमध्ये सोय असेल तर यूपीआयची रोजची मर्यादा उतरवा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर 2025च्या कायद्यानं बंदी आली, ओट्याला कायदा कोण सांगणार! कर्ज चढलं असेल, झोप उडाली असेल, तर कन्फेशनच्या जोडीला समुपदेशकही हवा. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 11व्या अध्यायातलं झाडून ठेवलेलं घर आठवा, निघून गेलेलं भूत परत आलं ते सात सोबती घेऊन. चार ते सात हा वेळ मोकळा सोडला तर तसंच होतं. त्या वेळेत जाळी दुरुस्त करायला बसा, तेही एकट्यानं नको, न खेळणाऱ्या माणसासोबत. रात्री घरात पाच रहस्यांची रोजरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, वीस मिनिटांत होते.

ऑगस्टमध्ये होड्या सुटल्या तरी रेघा चालू ठेवा, वादळाचा इशारा आला की होड्या पुन्हा बंदरातच अडकतात. पत्त्यांच्या रेघा बरेच आठवडे कोऱ्या राहिल्या की फादरना विचारून दुसरा दोष घ्या. माझ्या कागदावर सध्या शिव्या आहेत, आणि ठिपके भरपूर.